जर्मनीत गिरणी, मेडिकल आणि बोहऱ्याचं दुकान कुठे सापडतं?

यावलची_लेक

नमस्कार मंडळी. माहेर यावल तालुक्यात, सासर भुसावळ आणि आता नवऱ्याच्या नोकरीपायी उल्म. जर्मनीच्या दक्षिणेला, स्टुटगार्ट आणि म्युनिकच्या मधे. येऊन सव्वादोन महिने झाले. घर मिळालं, पोराला किंडरगार्टन मिळालं, बँक-विमा नवऱ्याच्या ऑफिसने करून दिलं, म्हणजे ज्याची सगळे भीती घालत होते ते सगळं पार पडलं आणि अडलं कुठे तर दुकानापाशी. हसू नका.

भुसावळला जिना उतरलं की पन्नास पावलांत गिरणी, तिला लागून मेडिकल, समोर बोहऱ्याचं हार्डवेअर, कोपऱ्यावर किराणा. गिरणीवाल्या भाऊंना नुसता डबा दाखवायचा, ते झाकण उघडून आत हात घालणार आणि स्वतःच म्हणणार, कळण्याचं ना ताई, आत्ता हरभऱ्याची डाळ काढलीये, दोन डबे ज्वारीचे जाऊ द्या मग तुमचं टाकतो. कळणं म्हणजे आमच्याकडचं भाकरीचं ज्वारी-उडदाचं पीठ, त्यात मला कधी जाड-बारीक सांगावं लागलं नाही. इथे पाटी वाचून आत काय मिळेल तेच समजत नाही.

तीन किस्से सांगते म्हणजे कळेल. एक, ज्वारीचं पीठ म्हणून सुपरमार्केटमधून हिर्झेचं पीठ आणलं, भाषांतराच्या ॲपने तसंच काहीतरी दाखवलं होतं. भाकर थापायला घेतली तर परातीतच तिचे चार देश झाले, तव्यापर्यंत पोचलीच नाही. दोन, शनिवारी रात्री पोराला ताप. डीएम नावाचं मोठं दुकान आहे, शाम्पू, डायपर, व्हिटॅमिनच्या गोळ्या, सर्दीचा चहा, सगळं मांडलेलं, मला वाटलं हेच मेडिकल. अर्धा तास शोधलं, साधं पॅरासिटामॉल नाही! आणि तोवर बंद व्हायची वेळ झाली. तीन, कुकरच्या दांड्याचा स्क्रू पडला. एक स्क्रू. भुसावळला बोहरी काकांनी कुकर हातात घेऊन डब्यातून काढून दिला असता, वर पैसे राहू द्या म्हणाले असते. इथे कुठल्या दुकानात जाऊ एक स्क्रू मागायला?

आणि चौथं विचारायला लाज वाटते पण विचारते, भरताच्या वांग्याचं काय करता तुम्ही लोक? येताना आईने बामणोद गावची चार वांगी बॅगेत टाकली होती, नवऱ्याने मुंबईला विमानतळावर काढून मामाच्या हातात दिली. मामाने दुसऱ्या दिवशी भरीत करून फोटो पाठवला. अजून बोलत नाहीये मी मामाशी.

---

चोपडा_ते_कार्ल्सरुहे

ताई आधी पिठाचं. हिर्झे म्हणजे ज्वारी नाही. ती बारीक पिवळी असते, आपल्या वरईच्या जवळची, तिची भाकर व्हायची नाही, तुमच्या हाताचा दोष नाही. ज्वारीला इथे सॉर्गुम म्हणतात पण साध्या सुपरमार्केटमध्ये सहसा दिसत नाही. भारतीय दुकानात मिळतं, पाकिटावर जुवार किंवा जोवार लिहिलेलं असतं. घेताना तारीख बघा आणि जमलं तर चिमूटभर जिभेवर टाकून बघा. गोदामात पडून पडून कडवट झालेलं असतं आणि पिठाला विरी म्हणजे चिकटपणा राहत नाही, मग कितीही मळा, कडेने फाटणारच. अशा पिठाला उकळतं पाणी घालून झाकून ठेवायचं दहा मिनिटं, मग तळहाताने रगडून मळायचं. आमची आई चोपड्याला असं कधी करायची नाही, ती म्हणते उकड काढून भाकर करणं म्हणजे कॉपी करून पास होणं. असू दे, पास होतो ना.

आता गिरणी. आहे इथे. गिरणीच्या नावाने शोधू नका. बिओलाडेन म्हणजे सेंद्रिय मालाची दुकानं असतात, नाहीतर रिफॉर्महाउस, त्यांच्यापैकी काहींच्या कोपऱ्यात छोटी दगडी चक्की ठेवलेली असते. गहू, राय, स्पेल्ट (गव्हाचीच एक जुनी जात) त्यांच्याकडून वजनावर घ्यायचं आणि तिथल्या तिथे दळून मागायचं, जाड की बारीक ते सांगायचं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घरून उडीद आणि ज्वारी पिशवीत घालून गेलो, म्हटलं कळण्याचं दळण आणू. काउंटरवरच्या बाईंनी पिशवीत डोकावून बघितलं, उडीद नखाने दाबून बघितला आणि अतिशय प्रेमाने नाही म्हणाल्या. बाहेरचं धान्य चालत नाही, ॲलर्जीवाले लोक येतात म्हणून. बरोबर आहे त्यांचं. पण बट्टीचं काम तिथे होतं, गहू जाडसर दळून आणायचा, त्यात मक्याचा रवा मिसळायचा, तो पोलेंटा नावाने कुठेही मिळतो, ओवा-जिरं-हळद घरातली. आपल्याकडे गव्हातच मका टाकून दळतात तशी चव नाही येत पण वरणात चुरल्यावर कोणी ओळखत नाही.

कळण्यासाठी मी शेवटी घरची चक्की घेतली. इथे घरगुती धान्यचक्क्या बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या आहेत, लाकडी डब्यासारखी दिसते, आत दगड. स्वस्त नाही, नवऱ्याला आधी चहा पाजा मग किंमत सांगा.

---

लुलूवाला_दुबई

हाहा. आमच्या इथे दुबईत करामा भागात उतरलं की समोर सगळं, ज्वारीचं पीठ, शेव, कैरी, गवार, टेलर पण, ब्लाऊज शिवणारा पण, चप्पल शिवणारा पण. लुलू सुपरमार्केटात तर उपवासाची भगर सुद्धा. तुम्ही लोक युरोपात जाऊन काय करून राहिले समजत नाही 😄

एक मात्र सांगतो, ज्यांच्या घरचं कोणी आमच्याकडे येणार असेल त्यांनी खसखस आणू नका, मसाल्यात सुद्धा नको. इथे बंदी आहे, विनोद नाही. घरच्या काळ्या मसाल्यात टाकत असाल तर तो डबा घरीच ठेवा.

---

जुना_धुळेकर

दुबईवाले भाऊ, जर्मनीत उलट आहे बरं का, इथे खसखशीचे केक मिळतात बेकरीत, मोनकूखन म्हणतात, निळसर काळी खसखस असते. अनारशाला लावून बघितली आहे, दिसायला अनारसा तीळ लावल्यासारखा दिसतो, चव ठीक.

बेटा, मी ९३ साली धुळ्याहून स्टुटगार्टला आलो. तुला आज रविवारी दुकान बंद दिसतं म्हणून जीव घाबरतो ना, तेव्हा गुरुवार सोडला तर रोज संध्याकाळी साडेसहाला सगळं बंद व्हायचं आणि बहुतेक शनिवारी दुपारी दोनला. मी सुटायचो सहाला, धावत जायचो. ५६ सालचा दुकानबंदीचा कायदा होता. ९६ च्या नोव्हेंबरात आठ वाजेपर्यंतची परवानगी मिळाली तेव्हा आम्ही चार मराठी पोरांनी साडेसात वाजता मुद्दाम जाऊन दूध विकत घेतलं होतं, गरज नसताना. नंतर २००६ मध्ये हा विषय राज्यांकडे गेला म्हणून तुझ्याकडे आता गंमत आहे. उल्म बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, तिथे सोमवार ते शनिवार वेळेचं बंधन नाही, काही सुपरमार्केट रात्री दहापर्यंत, काही त्यापुढेही. आणि डॅन्यूबचा पूल ओलांडला की नॉय-उल्म, ते बव्हेरिया, तिथे आठला शटर. म्हणजे उशीर झाला तर नदीच्या तुझ्या बाजूला राहा. सणाच्या सुट्ट्या पण दोन्हीकडे वेगळ्या, बव्हेरियात बऱ्याच गावांत १५ ऑगस्टला सुट्टी असते, आपल्यासाठी नाही हो, मरियमच्या सणाची. रविवारी पेट्रोल पंप आणि मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात, भाव चढे असतात तेवढं धरून चालायचं, बेकऱ्या सकाळी थोडा वेळ.

आता किराण्याचं. भारतीय दुकान महिन्यातून एकदा, डाळ-पोहे-ज्वारी-हिंगासाठी. रोजचं दुकान म्हणजे तुर्की दुकान, हे डोक्यात पक्कं बसव. ६१ साली जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारांचा करार केला, लाखो माणसं कारखान्यांत आली, त्यांना पण तुझ्यासारखंच वांगं नि कोथिंबीर मिळेना, मग त्यांनी दुकानं काढली. आज जर्मनीतल्या लहान गावातही एखादं असतं. कोथिंबिरीची जुडी तिथे खरी जुडी असते, सुपरमार्केटमधली चार काड्यांची प्लॅस्टिकची डबी नव्हे. पुदिना, भेंडी, डाळिंब, बेसनाला नोहुत उनू म्हणायचं, दही तर पाच-पाच किलोच्या बादलीत, घट्ट. मिरची मात्र तिथली घेऊ नकोस, लांब हिरवी दिसते आणि चवीला ढोबळी मिरचीची बहीण. तिखट मिरची एशियन दुकानात, थाई म्हणून, बारीक. नंदुरबारच्या माणसाला पण घाम फुटतो. कच्चे शेंगदाणे पण त्याच दुकानात.

---

सगळं_ऑनलाइन

एवढी चर्चा कशाला, भारतीय किराणा ऑनलाइन मागवा, दोन-तीन दिवसांत दारात. मी चार वर्षं कुठल्याही दुकानात गेलो नाही.

---

यावलची_लेक

ऑनलाइन मागवते हो, तूरडाळ तशीच आली. पण दिवसभर नवरा ऑफिसात, पोरगा किंडरगार्टनमध्ये, मी कोणाशी एक शब्द बोलत नाही, दारात पार्सल ठेवून तो माणूस पण पळून जातो. दुकानात निदान कोणीतरी विचारतं पिशवी हवी का.

धुळेकर काका, पुलाचं माहीतच नव्हतं! गेल्या आठवड्यात नॉय-उल्मला आठ वाजून पाच मिनिटांनी बंद दारासमोर उभी होते आणि नवरा म्हणत होता पण काल तर साडेनऊला उघडं होतं. काल आम्ही नदीच्या अलीकडे होतो.

---

नंदुरबारची_मिरची

तिखट मिरचीवरून माझ्या गावाचं नाव निघालं म्हणून आले 😀 मी मानहाइमला अपोथेकेत म्हणजे औषधाच्या दुकानात काम करते त्यामुळे मेडिकलचं मी सांगते, नीट वाचा कारण हे लहान मूल असलेल्या प्रत्येकाला लागतं.

आपलं मेडिकल इथे दोन दुकानांत फुटलंय. डीएम, रोसमान ही ड्रोगेरी. तिथे साबण, डायपर, क्रीम, व्हिटॅमिन. ताप-दुखण्याचं औषध तिथे मिळत नाही, अगदी पॅरासिटामॉलसुद्धा नाही. ते फक्त अपोथेकेत, बाहेर लाल रंगात मोठं जुन्या वळणाचं ए अक्षर असतं. पॅरासिटामॉल, ४०० ची आयबुप्रोफेन, लहान मुलांचं तापाचं सिरप किंवा सपोझिटरी (गुदद्वारातून द्यायची गोळी) हे चिठ्ठीशिवाय मिळतं. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय नाही म्हणजे नाही, आपल्याकडे स्ट्रिप कापून चार गोळ्या देतात तसं मागू नका, मला रोज कोणीतरी विचारतं आणि मला रोज वाईट वाटतं.

आता महत्त्वाचं. मुलाला ताप आला आणि डॉक्टरकडे गेलात तर सिरप सुद्धा त्यांच्याकडून लिहून घ्या. सरकारी विमा असेल तर बारा वर्षांखालच्या मुलांची अशी साधी औषधंही विम्यातून मिळतात आणि अठरापर्यंत त्यावर वेगळी फी लागत नाही. बरेच आपले लोक उगाच खिशातून भरतात.

रात्री किंवा रविवारी, कुठलीतरी एक अपोथेके ड्यूटीवर असतेच, पाळी लावलेली असते. बंद अपोथेकेच्या दारावर कागद असतो आज कोणाची पाळी आहे त्याचा. मोबाइलवरून २२८३३ लावलं तरी सांगतात. बेल वाजवायची, दारातली छोटी खिडकी उघडते, तिथून औषध देतात, रात्रीचे अडीच युरो जास्त. डॉक्टर हवा असेल पण जीवावरचं नसेल तर ११६११७, आणि जीवावरचं असेल तर ११२. हे तीन नंबर फ्रिजवर चिकटवा, आत्ताच.

आणि तापाचं सिरप, थर्मामीटर, ओआरएस घरात ठेवा. भुसावळला मेडिकल खाली आहे म्हणून आपण घरात काही ठेवत नाही, ती सवय इथे मोडावी लागते.

---

दाणाबाजार_जळगाव

मी काही परदेशात नाही, जळगावात दाणाबाजारात बसतो, धान्य-डाळीचा धंदा, मुलगी म्युनिकला शिकते म्हणून इथे वाचत असतो. महिन्यातून दोन-तीन गिऱ्हाईक तरी येतात, साहेब पोरगा जर्मनीला चालला, काय काय बांधून द्याल. म्हणून लिहितो.

ज्वारी अख्खी देऊ नका, पीठ द्या. अख्ख्या दाण्याला विमानतळावर बियाणं समजून कोणी अडवलं तर तुम्ही काय वाद घालणार. पीठ दळल्यावर गरम असतं, तसंच पिशवीत भरलं की घाम सुटतो आणि आठ दिवसांत वास येतो. परातीत पसरून पूर्ण गार करा, एक रात्र जाऊ द्या, मग जाड पिशवीत हवा काढून भरा, तिकडे गेल्यावर सरळ फ्रीझरमध्ये. ज्वारी दीड-दोन महिने आरामात जाते. बाजरी नेऊच नका, तिच्यात तेल असतं, लवकर कडू पडते. कळण्याचं न्यायचं तर उडीद उन्हात कडक वाळवून मग दळा.

बिबडे, कुरडया, उडदाचे पापड, काळा मसाला, शेव, हे सगळं चालतं. मुलीच्या वेळेला मी नियम नीट बघितले होते. तूप, पेढे, खवा, दुधाचं काहीही नाही, मटणाचं काहीही नाही, युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे. भाजी-फळं २०१९ च्या डिसेंबरपासून सर्टिफिकेट असल्याशिवाय नाही, कढीपत्ता सुद्धा नाही. फक्त पाच गोष्टी मोकळ्या, अननस, नारळ, खजूर, ड्युरियन आणि... केळी! जळगावच्या माणसाला यापेक्षा काय पाहिजे. मी पोरीला म्हटलं एक घड देतो, ती म्हणाली बाबा प्लीज.

तेव्हा ताई, वांग्याचं तुमच्या मालकांनी बरोबरच केलं. मामाने भरीत केलं ते पण बरोबर केलं.

---

रावेर_केळीबाग

केळीचा विषय निघाला म्हणून, इथे हॅम्बुर्गला दुकानात केळी बघितली की मला राग येतो. सगळी एका मापाची, एका रंगाची, इक्वेडोर नाहीतर कोलंबियाची, स्टिकर लावलेली. आमच्या बागेत घड कापताना चीक हाताला लागतो, शर्टावर काळे डाग पडतात ते जन्मात जात नाहीत. इथल्या केळ्याला चीक नाही, वास नाही. वेफर्ससाठी कच्ची केळी पाहिजे असतील तर आफ्रिकन दुकानात मोठी हिरवी मिळतात, कोखबनाने म्हणतात. जात वेगळी पण वेफर्स चांगले होतात, किसणी तेलावर धरून सरळ कढईत पाडायचे. बाकी बोलत नाही, विषय वांग्याचा आहे.

---

भुसावळ_जंक्शन

काय सांगू भो, भुसावळचं माणूस दिसलं आणि जीव लागना! माले बी असंच व्हतं पहिले सहा महिने. आम्ही रेल्वे क्वार्टरवाले.

स्क्रूचं सांगतो. बोहरी काकांच्या जागी इथे बाउमार्क्ट आहे, ओबी, बाउहाउस, होर्नबाख, टूम, यातलं काही ना काही गावाच्या कडेला असतं. आत गेलं की स्टेशनच्या शेडएवढं. पन्नास स्क्रूचं पाकीट मिळतं, पण काही ठिकाणी सुट्या स्क्रूचे खण असतात, तिथे एक-दोन घेऊन वजन नाहीतर नग मोजून पैसे देता येतात. कुकरचा दांडा काढून सोबत घेऊन जा. जुना स्क्रू नसेल तर भोकाचं माप घ्या, नाहीतर मी जशा तीन फेऱ्या मारल्या तशा माराल. माप एमएममध्ये असतं, एम फोर, एम फाइव्ह असं.

पण त्याहून भारी गोष्ट सांगतो, रिपेअर कॅफे. २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झालेली कल्पना आहे, आता जर्मनीत गावोगावी. महिन्यातून एखाद्या शनिवारी एका हॉलमध्ये रिटायर झालेली मंडळी हत्यारं घेऊन बसतात, तुम्ही मोडलेली वस्तू न्यायची, ते तुमच्यासमोर बसून दुरुस्त करतात, पैसे ठरलेले नसतात, डब्यात टाकायचे. वर कॉफी आणि केक. मी मिक्सर घेऊन गेलो होतो, आपला चटणीवाला, तीन भांड्यांचा. सत्तरीतले एक आजोबा, आयुष्यभर इंजिनियर असतील बहुतेक, त्यांनी मिक्सर उघडला, कार्बन ब्रश काढून उजेडाकडे धरला, घासून अर्धा झालेला, आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला बोलावून दाखवला, मग तिसरा आला. तिघं मिळून माझ्या मिक्सरकडे बघत होते. एवढी पावर चटणीला लागते का विचारलं. मी म्हटलं शेंगदाण्याच्या चटणीला लागते. पुढच्या वेळी डबाभर घेऊन गेलो, आता माझी वस्तू आधी बघतात.

बाकी पटापट सांगतो. शिंप्याला एन्डरुंग्स-श्नायडराय म्हणतात, उच्चार जमला नाही तर पँट दाखवा. बहुतेक तुर्की किंवा इराकी काका असतात, पँट खाली दुमडायला दहा-पंधरा युरो. ब्लाऊज शिवून मिळायचा नाही, तो जळगावहून मापाचा शिवून आणा आणि साडीला फॉल-बीडिंग तिकडेच. चप्पल-बूट शिवणारा आणि किल्ली बनवणारा हा इथे एकच माणूस असतो, का ते देवाला माहीत. झेरॉक्सला कॉपीशॉप. पासपोर्ट साइझ फोटो छापून घेऊ नका, २०२५ च्या मेपासून इथे राहण्याच्या परमिटच्या कामाला डिजिटल फोटोच लागतो, तो त्याच तुमच्या डीएममध्ये निघतो. म्हणजे पॅरासिटामॉल नाही पण फोटो आहे! आणि रद्दीवाला नाही, पण बाटल्या टाकू नका, पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचे पंचवीस सेंट परत मिळतात, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये घालायच्या. पोराला ते काम द्या, खुश होईल.

---

चोपडा_ते_कार्ल्सरुहे

वांग्याचं कोणी बोलेना म्हणून परत आलो.

जळगावच्या भरताच्या वांग्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन उगाच नाही मिळालं, ते हिरवट-पांढरं, पातळ सालीचं, गर लोण्यासारखा. इथे मिळतं ते जांभळं, जाड सालीचं, पाणचट. त्यातल्या त्यात तुर्की दुकानात मोठं गोल शोधा आणि हातात घेऊन तोला, आकाराच्या मानाने हलकं लागेल ते घ्या, जड वांग्यात बिया. आपल्याकडे कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतात तो धूर विसरा. मी तो धूर घरात आणायचा प्रयत्न केला होता, एक लाकूड पेटवलं छोटंसं, किचनमध्ये, खिडकी उघडी ठेवून. छताला स्मोक डिटेक्टर असतात ते मला माहीत होतं पण ते इतक्या जोरात ओरडतात हे माहीत नव्हतं. वरच्या मजल्यावरची आजी नाइटगाऊनमध्ये खाली आली. वांगं अर्धं कच्चं होतं.

आता करतो ते असं: वांग्याला चार टोचे, तेलाचा हात, ओव्हन २३० वर, वरचा ग्रिल चालू, साल काळी पडून आत बसेपर्यंत, पाऊण तास तरी. मग चाळणीत ठेवून पाणी पूर्ण निथळू द्या, हे करायचंच, नाहीतर भरीत नव्हे आमटी. कांद्याची पात सगळीकडे मिळते, फ्र्युलिंग्स-झ्वीबेल. थाई मिरची आणि लसूण तेलात परतून ठेचायचं. शेंगदाणा तेल एशियन दुकानात.

---

यावलची_लेक

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला. सगळ्यांना खरंच थँक्यू. नंबर फ्रिजवर लावले, नंदुरबारच्या ताई, आणि पुढच्या तापाला उपयोग पण झाला, रात्री साडेअकराला खिडकीतून सिरप घेतलं, आत जी बाई होती तिने पोराला जेलीची गोळी दिली. स्क्रू मिळाला, एम फोर होता. नवऱ्याने चौदा सेंटचं बिल फोटो काढून बोहरी काकांना व्हॉट्सॲप केलं, त्यांनी उत्तर दिलं, "महाग पडला."

चक्कीचं बघतेय. नवऱ्याला दोन वेळा चहा पाजला, अजून विषय काढला नाही.

भरीत झालं! बुधवारी आणि शनिवारी इथे मोठ्या चर्चच्या चौकात बाजार भरतो, २०२५ पर्यंत जगातलं सगळ्यात उंच चर्च होतं ते, एकशे एकसष्ट मीटर, आणि त्याच्या पायथ्याशी आपल्या आठवडे बाजारासारखे शेतकरी ताजी भाजी मांडून बसलेले. पात तिथून घेतली. भरीत ठेचायची लाकडी बडगी कुठून आणणार, जुन्या बाजारात लाकडाचा खोल वाडगा मिळाला, सॅलडचा असावा, त्यात लाटण्याच्या टोकाने ठेचलं. वाडग्याला चीर गेली आहे एक. चव बामणोदची नाही. पण नवरा पहिल्या घासाला काही बोलला नाही आणि त्याने दुसरा घेतला, म्हणजे पास.

तुर्की दुकानाचं सांगायचं राहिलं. पहिल्या दिवशी मी एकेक वांगं उचलून तोलत होते, सात-आठ बाजूला ठेवून दोन घेतली, दुकानवाला काका बघत होता, तोंडावर दिसत होतं की त्याला आवडलं नाही. दुसऱ्या वेळेस त्याने विचारलं, मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, हलकं चांगलं, जड बिया. त्याने एक जड वांगं सुरीने कापून बघितलं, बिया निघाल्या, हसला. परवा गेले तर काउंटरखालून कागदात गुंडाळलेली तीन वांगी काढली, हलकी, आणि म्हणाला तुमच्यासाठी. चार युरो वीस सेंट घेतले पूर्ण, राहू द्या वगैरे काही म्हणाला नाही.

---

चोपडा_ते_कार्ल्सरुहे

पुढच्या सोमवारी कामाला उल्मला येतोय, गाडीने. काकाचं दुकान सोमवारी उघडं असतं का? आमच्या इथला तुर्की दुकानवाला वांग्याला हात लावू देत नाही.

---

यावलची_लेक

असतं, सात वाजेपर्यंत. पण तोललेली वांगी माझ्या नावावर आहेत, तुम्ही तुमची तोला. आणि येताना घरच्या चक्कीचं कळण्याचं पीठ आणा किलोभर, म्हणजे नवऱ्याला भाकर खाऊ घालून मग किंमत सांगते.